धरण्यापुरतं इंग्रजी

इंग्रजी शिकवतो म्हणाले आणि मला फक्त धरायला शिकवलं. माझी तक्रार एवढीच आहे. ती मी त्यांच्या तोंडावर इतक्या वेळा केली आहे की आता त्यांच्या माघारी केली तर कुणी मला नावं ठेवू नयेत. मी बाजारात वाढलेला माणूस. बोललेला माल बोलल्यासारखा मिळाला नाही तर माझं डोकं फिरतं, मग समोर मास्तर असो नाही तर मंत्री.

सर माझे भाडेकरू होते. महागावात माझं घर आहे. पुढे सोयाबीन-कापसाच्या खरेदीचं दुकान, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक खोली. ही जागा मला कुणी आयती दिलेली नाही. तांड्यावरून अनवाणी येऊन, बैलांच्या दलालीवर मी ती उभी केली आहे. त्यामुळे खोली बघायला आलेला माणूस ती कशी बघतो, याकडे माझं बारीक लक्ष असतं. लोक भिंतीवर टकटक करतात, नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारतात, आणि मग तोंड वाकडं करून भाडं पाडायला लागतात. सर आले आणि त्यांनी दाराची चौकट धरली. डोळे मिटले. मग कडी धरली. मग खिडकीचे गज, एकेक करून, ओळीने उभ्या असलेल्या पाहुण्यांना भेटावं तसे. उंच, हडकुळा देह, गळ्यापर्यंत लावलेली गुंडी, दुपारचं ऊन पडलेली रिकामी खोली आणि त्यात डोळे मिटून उभा असलेला हा माणूस. मला वाटलं, झोपेत चालत आला आहे.

"खोली चांगली आहे," डोळे उघडून ते म्हणाले.

मी भाडं थोडं चढवूनच सांगितलं. ते हो म्हणाले. घासाघीस केलीच नाही. माझ्यासारख्याशी घासाघीस न करणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठून जाणं. राग मोजायचाच तर तो तिथपासूनचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नुसतं वेड वाटणार नाही. सरांच्या बोटांतला स्पर्श जात होता. शेंड्यांपासून सुरुवात झाली होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं होतं की हे थांबणार नाही, हळूहळू वर सरकत जाईल. हात हलेल, मूठ मिटेल, पण मुठीत काय आहे ते हाताला कळणार नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा एकटा माणूस ते ऐकून परत आला आणि त्याने ठरवलं की हात जागा आहे तोवर जगातली जमेल ती प्रत्येक वस्तू एकदा नीट धरायची, आणि ती धरायला कोणता शब्द लागतो ते बघायचं. हे मला उशिरा कळलं. तोवर मी त्यांना चक्रम समजत होतो, आणि गल्लीत तर गोष्ट करणीपर्यंत गेली होती.

सकाळी ते अंगणात पाटावर बसत. समोर काय असेल याचा नेम नसे. अर्धी वीट, पेरू, पितळी गडू, कापसाच्या पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड, माझ्या बायकोचं उलथनं. एकेक उचलून ते डोळे मिटत आणि ओठ हलवत. खरेदीच्या दिवसांत आमच्या अंगणात कापसाचे तंतू तरंगत असतात. गाडी खाली होते तेव्हा उडतात आणि दिवसभर खाली बसत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर उजेडच उसवल्यासारखा दिसतो. सर त्यांना पकडायला जात नसत. तळहात पसरून बसून राहत. एखादा तंतू आपणहून येऊन बसला की मूठ मिटत, अगदी सावकाश, आणि तेवढ्याच सावकाश उघडत. तंतू वर जाई. सर त्याच्याकडे बघत राहत. त्या वेळी अंगणात कुणी मोठ्याने बोललं तर मलाच राग येई, आणि मला राग का आला म्हणून पुन्हा राग येई.

"गुरुजी, चहा थंडा होऊन राह्यला," बायको म्हणे.

"थांबा ताई. आधी कप हातात येऊ द्या."

आणि कप दोन्ही हातांत धरून ते बसत. बायकोने मला आत येऊन सांगितलं की माणूस लाख मोलाचा आहे, पण कप असा धरतो की कुणाचं तान्हं दिलं आहे.

मोबाईल मात्र ते हातात घेत नसत. टेबलावर ठेवून त्यावर वाकून बोलत. नागपूरला त्यांची एक पुतणी होती, तेवढंच नातं. ती व्हिडिओ कॉल करायची तेव्हा तिला माझ्या खोलीच्या छताचे पत्रे दिसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "हा हातात मावतो, पण धरल्यासारखा वाटत नाही. त्याला अंगच नाही."

आता माझ्या सौद्याकडे येतो.

मला इंग्रजी पाहिजे होतं ते एका कामासाठी. माझ्याकडे माल घ्यायला कंपनीची माणसं येतात. माझ्याशी मराठी-हिंदी बोलतात, आणि भावाची गोष्ट निघाली की एकमेकांकडे वळून इंग्रजी सुरू करतात. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्च्यांवर बसून, मीच दिलेला चहा पीत. मी समोर बसलेला असतो आणि माझ्या डोक्यावरून माझाच भाव ठरतो. अशा वेळी माझ्या कानशिलात काय होतं ते मलाच ठाऊक. मी सरांना म्हणालो, मला तेवढं इंग्रजी शिकवा की मी मध्येच तोंड घालीन.

फी विचारली तर ते म्हणाले, फी नको, मला तुमची हाताची भाषा शिकवा.

बैलबाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा, बोटाच्या पेरावर फिरलेला अंगठा, प्रत्येकाचा आपला अर्थ. भोवती गर्दी उभी असते, पण भाव फक्त दोन हातांना कळतो. पटलं नाही की हात काढून घ्यायचा. शेवटच्या दाबानंतर हात राहू दिला की सौदा झाला. दुपट्टा उचलला की मग कुणी फिरत नाही. मी वयाच्या सोळाव्या वर्षी या कामात पडलो. बाजारात अशा दलालाला हेडी म्हणतात, आणि हेडीची सगळी इस्टेट त्याच्या उजव्या हातात असते.

सर म्हणाले, "मी चाळीस वर्षं तोंडाचे शब्द शिकवले, भाऊ. स्वतः हातच बोलतो अशी भाषा इथे दोन कोसांवर आहे आणि मला माहीत नाही."

एका खुणेला एक शब्द, असं ठरलं. कोणते शब्द ते ठरवायचं राहिलं. बैलाचे दात बघितल्याशिवाय मी कधी हात पुढे केला नाही, आणि इथे न बघताच दिला.

पहिल्याच दिवशी त्यांनी बोलता बोलता माझ्याकडे लिंबू फेकलं. मी ते हवेतच पकडलं. "कॅच," ते म्हणाले. "हा क्षणाचा शब्द आहे. यात ताकद नाही, वेळ साधणं आहे." मग म्हणाले, ते लिंबू आता दिवेलागणीपर्यंत हातातच ठेवा. मी दुकानात बसलो, माणसांशी बोललो, पोती मोजून घेतली, सगळं डाव्या हाताने. संध्याकाळी लिंबू ऊबदार झालं होतं आणि माझ्या हाताला त्याचा वास लागला होता. "होल्ड," सर म्हणाले. "यात वेळही साधायची नाही, ताकदही लावायची नाही. फक्त राहायचं."

ग्रिप शिकवायला त्यांनी मला विहिरीचा दोर धरायला लावला. ओली बादली वर येते तेव्हा दोर तळव्यात जो चावतो, तो ग्रिप. ग्रॅब शिकवायला त्यांनी बायकोने नुकत्याच तळलेल्या भज्यांचं ताट मधे ठेवलं आणि काही न सांगता त्यातलं मोठं भजं स्वतः झपकन उचललं. सीझ, म्हणजे झडप घालून बळकावणं, हा शब्द त्यांनी शिकवलाच नाही. म्हणाले, तो तुम्हाला जन्मजात येतो. मी दोन दिवस शिकवणीला दांडी मारली.

क्लचवर आमचं भांडण झालं. मी म्हणालो, हा शब्द मला येतो, मोटरसायकलचा क्लच मी रोज दाबतो. ते म्हणाले की तो यंत्राने उसना घेतलेला शब्द आहे. खरा क्लच म्हणजे जीव जाताना माणूस जे धरतो ते. आणि मग त्यांनी अगदी हळू विचारलं, तुम्हाला कुणी असं धरलं होतं का कधी?

मला एकदम पैनगंगेकडचा आमचा नाला आठवला. तांड्याची बायकामाणसं कामावरून परतत होती आणि वरून लोंढा आला. याडीच्या, माझ्या आईच्या, एका हातात डोक्यावरचं गाठोडं होतं. दुसऱ्या हाताने तिने माझे केस धरले. हात नाही, कपडे नाही, केस. नाल्यात पाय सुटले तेव्हा मी त्या केसांवर लोंबत पलीकडे गेलो. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा चेहरा आठवायला मला फोटो बघावा लागतो. पण सरांनी विचारलं आणि माझं डोकं टाळूपासून दुखायला लागलं. पाण्याचा आवाज आला, तिच्या बांगड्यांचा आवाज आला. अंगण, पाट, समोर बसलेले सर, सगळं थोडा वेळ पातळ झाल्यासारखं झालं.

"काही आठवलं?" सरांनी विचारलं.

"नाई," मी म्हणालो. माझं ते माझं.

असे शब्द येत गेले आणि सगळे धरण्याचेच. मी विचारलं, बोलण्याचे कधी? सर म्हणाले, सगळं बोलणं इथूनच निघतं. इंग्रज माणसाला एखादी गोष्ट समजली तरी तो म्हणतो मी ती ग्रास्प केली, मुठीत घेतली. कॉम्प्रिहेंड म्हणजे सगळं मिळून कवेत घेणं. त्यांच्या बुद्धीला बोटं आहेत. अप्रिहेंड म्हणजे चोराला धरणं, आणि त्याच शब्दात पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती घेणंही आहे.

"भ्यालं म्हंजे धरलं? हे कसं काय जी?"

"गोष्ट अजून आलेली नसते," ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "आणि आपण ती आधीच धरून बसलेले असतो."

तेव्हा मला वाटलं, मास्तर लोकांना असं काहीतरी बोलायची सवय असते.

दुपट्ट्याखालच्या खुणा ते मन लावून शिकले. संध्याकाळी अंगणात आम्ही समोरासमोर बसायचो, मधे दुपट्टा. आकाशाचा रंग उतरत जायचा, बगळे ओळीने जायचे, आणि आम्ही दोघं एक शब्द न बोलता नसलेला बैल विकत आणि घेत असायचो. ते मला मनापासून आवडायला लागलं होतं, हे त्यांना मी कधी कळू दिलं नाही. तिथेच एक दिवस मी त्यांच्या तर्जनीचा शेंडा दाबला आणि उत्तर आलं नाही. पुन्हा दाबला. बोट माझ्या हातात होतं, आणि त्यात कुणी नव्हतं. हेडीपासून ही गोष्ट लपत नाही. मी दुपट्टा काढला.

"सर, हे बोट झोपलं काय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बोटांचं, डॉक्टरांचं, वर सरकत जाण्याचं. कुणाला सांगू नका म्हणाले. लोकांना कळलं की ते हातात काही देणार नाहीत. कप देणार नाहीत, दिवा देणार नाहीत, पडेल म्हणून. आणि मला तर आत्ताच सगळं हातात पाहिजे आहे.

मी शब्द दिला. तो मी पाळला, आणि तो मला महाग पडला.

त्याच्या आधी कंपनीवाल्यांचं सांगतो. तो हंगाम आला तेव्हा माझं वर्षभराचं इंग्रजी घेऊन मी ऐटीत बसलो. दोघे आले, भावाच्या गोष्टीवर आले, एकमेकांकडे वळले आणि सुरू झाले. मी कान टवकारले. सगळ्या वाहत्या पाण्यातून मला एकच शब्द लागला, होल्ड. पुढचं-मागचं काही नाही. मी जागच्या जागी तापत बसलो, आणि ते गेल्यावर तसाच तरातरा सरांच्या खोलीत गेलो.

माझं सगळं ओरडणं त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तो शब्द बोलला तेव्हा त्या माणसाचा हात काय करत होता?

मला आठवलं. त्याने पेन असं धरलं होतं की कुणी हिसकावून नेईल. त्याला माल पाहिजेच होता आणि तो नको असल्यासारखं दाखवत होता.

"मग तुम्हाला समजलं की," सर म्हणाले.

"मले समजून नव्हतं घ्याचं, सर," मी म्हणालो. "मले उत्तर द्याचं होतं."

सर उठले आणि त्यांनी खिडकीचा गज धरला.  दुसऱ्या दिवशी मी भाव धरून बसलो आणि कंपनीवाले मी सांगितलेल्या भावावर आले, पण तो माझा धंदा आहे, ते इंग्रजी नव्हे. माझी तक्रार तिथेच आहे.

आता बैल.

सरांना खरा बाजार बघायचा होता. मी त्यांना फुलसावंगीकडे एका बाजाराला नेलं. वाटेत बजावलं की बघा, पण दुपट्ट्याखाली हात घालू नका. ते हो म्हणाले. बाजारात पोचलो तेव्हा धूळ उठली होती आणि त्या धुळीत ऊन अडकून सगळं पिवळसर झालं होतं. शिंगं, फेटे, झुली, माणसं, सगळं पाण्याखालून दिसावं तसं. सर प्रत्येक बैलाच्या वशिंडाला हात लावत चालले होते. मी एकाशी बोलायला थांबलो, चहा घेतला. वळून बघतो तर गर्दी. मधे सर, त्यांच्यासमोर बाजारातला सगळ्यात जुना हेडी, आणि दोघांच्या हातांवर दुपट्टा.

मी धावलो. म्हाताऱ्याने भाव चढवत नेला होता आणि शेवटचा दाब दिला होता. तो दाब सरांना कळलाच नाही. त्यांना वाटलं, अजून बोलणं चालू आहे. त्यांनी हात तसाच राहू दिला. म्हाताऱ्याने दुपट्टा उचलला.

"झाला सौदा," तो म्हणाला.

एक शिंग वाकडं असलेला, उतरत्या वयाचा पांढरा बैल. त्या भावात मी त्याचं दावंसुद्धा घेतलं नसतं. सर त्याच्याकडे बघून हसत होते. आपण भाषा बोललो याचाच त्यांना आनंद झाला होता. मी त्यांना बाजूला ओढलं. बाजाराचा एक नियम आहे, नशेतल्या माणसाचा आणि अधू हाताच्या माणसाचा सौदा धरत नाहीत. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझ्या हाताला कळत नाही. म्हातारा स्वतः दुपट्टा झटकून मोकळा झाला असता.

"सांगा, सर. एक शब्दाचं काम हाये."

त्यांनी मान हलवली. नाही.

"मंग मी सांगतो."

"तुम्ही शब्द दिला आहे, भाऊ."

भोवती लोक होते. माझ्या माणसाने सौदा केला होता, आणि कारण न सांगता तो मोडला तर माझ्या दुपट्ट्याखाली पुन्हा कुणी हात घातला नसता. मी दात खाल्ले. म्हातारा मला म्हणाला, "काहून रे, मास्तरले इंग्रजीत भाव कराले शिकवलं का?" सगळे हसले. मीही हसलो. पण असं हसताना जबडा दुखतो.

बैल घरी आला. बायकोने दारात उभं राहून त्याच्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"गुरुजी, तुमी बैल घेतला, का बैलानं तुमाले घेतलं?"

तीन दिवस मी मागच्या अंगणात फिरकलोच नाही. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात आलो तर ते बैलाच्या मानेला गाल लावून उभे होते. बोटं आता पहिल्या पेरापर्यंत गेली होती. त्या सगळ्या हिवाळ्यात मी ते बघितलं. स्पर्श जसजसा वर सरकत गेला तसतसे सर त्याच्या मागे मागे गेले. बोटांनी कळेना तेव्हा तळवा, तळव्याने कळेना तेव्हा मनगटाची आतली बाजू, मग दंड, मग गाल. अंगणात धुकं असायचं, बैलाच्या नाकातून वाफ निघायची आणि त्या पांढऱ्यात पांढरा बैल आणि पांढऱ्या शर्टातले सर कुठे एकमेकांपासून वेगळे होतात ते दिसायचं नाही. मी दुकान उघडायला जाता जाता थांबायचो. रागात होतो म्हणून बोलायचो नाही. पण थांबायचो.

कप फुटायला लागले. किती जोराने धरायचं ते हाताला कळत नव्हतं. काच हातातच तडकायची. बायकोने काही न विचारता स्टीलचा पेला द्यायला सुरुवात केली. 

शेवटी शेवटी ते मला वस्तू धरायला सांगत आणि विचारत, कसं आहे? मी म्हणायचो, पेरू पेरूसारखा हाये. ते म्हणायचे, असं नाही, भाऊ, नीट सांगा. कापसाचा धागा चिमटीत घेऊन मी त्याची लांबी, ओल, दर्जा एका दमात सांगू शकतो. पण तो *कसा* आहे हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी चिडायचो, घाम फुटायचा, आणि तरी सांगत बसायचो. माठ बाहेरून मांजराच्या नाकासारखा आहे. तुरीची शेंग आतून कानासारखी आहे. सर डोळे मिटून ऐकायचे. "हं," म्हणायचे, "आलं." कधी "नाही आलं" म्हणायचे आणि मी पुन्हा सुरुवात करायचो. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असायचं.

ते गेल्याचा फोन मला पुतणीने मागच्या वर्षी नागपूरहून केला. तिने विचारलं की तुमचं त्यांच्याशी काही राहिलं होतं का. मी म्हणालो, लय राह्यलं. तिला वाटलं भाडं. मी खुलासा केला नाही. बैल अजून माझ्या अंगणात आहे, बसून खातो. विकायला नेला तर हात पुढे करणारे पुष्कळ आहेत. पण मी अजून भाव बोललेलो नाही.

सरांनी महागाव सोडलं त्या दिवशी पुतणी न्यायला आली होती. दोन्ही हातांतला स्पर्श मनगटाच्या वरपर्यंत गेला होता, एकट्याने राहणं शक्यच नव्हतं. बायकोने त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावून दिली आणि आत निघून गेली. मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. वाटेत मी माझी तक्रार पुन्हा सांगितली; एक अख्खं वाक्य तरी शिकवायचं होतं. ते म्हणाले, "तुम्ही वाक्याशिवायच चांगले आहात." हे कौतुक होतं की काय, मला कळलं नाही आणि मी तसं म्हणालोही.

गाडी लागली. ते खिडकीशी बसले, पुतणी शेजारी. मी खाली उभा राहून खिडकीतून त्यांचा हात हातात घेतला. ते समोर बघत होते. उन्हाची वेळ होती, स्टँडवर धूळ होती, आणि कुठल्या तरी गाडीचा हॉर्न लांबून आल्यासारखा येत होता.

"भाऊ, गेलात का?" त्यांनी विचारलं.

"नाई, सर. हात धरून हाये तुमचा."

त्यांनी खाली बघितलं. आमचे दोन हात खिडकीच्या दांडीवर होते. बराच वेळ ते त्यांच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"कसं आहे?" ते म्हणाले.

मी या वेळी चिडलो नाही. "गरम हाये," मी म्हणालो. "हाडं लागून राह्यली. तळवा कोरडा हाये. अन् तुमी बी धरून हाय."

"मी?"

"हो जी. जोरात."

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा हाताकडे, आणि त्यांचा चेहरा एखादी गोष्ट ऐकू आल्यासारखा झाला. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. कंडक्टर आतून ओरडला की हात सोडा. मी माझा सोडला, पण सरांच्या हाताला ते कळलं नाही. तो माझी बोटं धरूनच राहिला. गाडीबरोबर चालता चालता मी दुसऱ्या हाताने त्यांची बोटं एकेक करून उघडली. अंगठा आधी सुटला. मग पहिलं बोट, मधलं, त्याच्या शेजारचं. करंगळी शेवटी सुटली. सगळ्यात जास्त जोर तिच्यातच होता.